घर पास झालं का?

घरोघर फिरणाऱ्या माणसाच्या रिकाम्या डब्याबरोबर किस्से येतातच. डबा मी घासून पालथा घालते, किस्से मात्र साचत गेलेत. आमचे हे औरंगाबादच्या बिजलीघरात वायरिंग तपासायला आहेत. काम कायद्याप्रमाणं असलं तर घर पास, नाहीतर वीज नाही.

आमच्या स्वतःच्या घरात तेव्हा कंदीलच होता. खाली ठेवला तर आमची चिमी, नुकतीच रांगायला लागलेली, नीट त्याच्याकडंच जायची. वर टांगला तर जमिनीवरचा विंचू दिसायचा नाही. सांजेला हे घरात आले की पहिला सवाल माझा, "आपलं घर पास झालं का?" हे म्हणायचे, "नाय अजून." आणि दुसऱ्याच कुणाच्या घराचं सांगत बसायचे.

•

गुलमंडीवर एक शेटजी आहेत, अंगानं बुटके. बटन लेकरांच्या हाताला लागू नये, असा कायदा. शेटजींनी ते पार आढ्याजवळ बसवून घेतलं.

"शेटजी, लेकराचा हात पोचू नये, एवढंच म्हणलं होतं," हे म्हणाले.

"मग? माझा तरी कुठं पोचतोय?"

स्टुलावर चढलं की शेटजींना चक्कर येते. घरात उंच एकटी सून, त्यामुळं दिवा लावायचं काम तिच्याकडं. ती एकदा दिवा तसाच चालू ठेवून माहेरी चितेगावला गेली. तिसऱ्या दिवशी शेटजींनी निरोप धाडला, "राहायला हरकत नाय, पण दिवा विझवून जा."

•

विजेच्या तारेचं एक टोक जमिनीत पुरतात आणि तिथली माती कायम ओली ठेवायला सांगतात. बेगमपुऱ्यातल्या खातूनबी म्हणजे पक्क्या हिशेबी बाई. रोज पाणी घालायचंच तर वाया का घालवा, म्हणून त्यांनी तिथं पुदिना लावला.

हे खाली वाकून माती चाचपायला लागले, तर खातूनबी म्हणाल्या, "मिट्टी में हाथ कायको डालते बेटा? पुदिना देखो ना. हरा है तो पास करो, सूखा तो नापास."

तेव्हापासून बेगमपुऱ्यात चार-पाच घरी पुदिना झाला. ह्यांच्या पिशवीत रोज एक जुडी. आठवडाभर आम्ही चटणीच खात होतो.

•

हिमरूच्या शाली विणणारे एक करीमचाचा आहेत. त्यांनी मीटरला काळा दोरा बांधला. मीटरला काही बांधायचं नाही, हा पण कायदाच.

"चाचा, सरकारी शिशाचं सील लावलंय की. आणखी दोरा कशाला?"

"सीलनं चोर थांबतो. नजर थोडीच थांबती?"

हे काही केल्या ऐकेनात. चाचांनी शांतपणे दोरा सोडला, म्हणाले, "मीटरला नको ना? मग मीटर बघणाऱ्याला तर चालंल." आणि ह्यांच्या मनगटाला बांधला.

मी तो अजून सोडू दिलेला नाही.

•

आता आमच्या घराचं. वायरिंग होऊन महिने झाले होते, पण आपलंच घर आपण पास करायचं नाही, वरच्याच माणसानं करायचं, असा नियम. ह्यांच्या वर हैदराबादचे मोठे इन्स्पेक्टर साहेब. त्यांची फेरी कधी होईल, ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवसांत चिमीनं एकदा कंदिलाच्या काचेला हात लावलाच. फोड आला. ती रडून झोपली, मला काही झोप लागली नाही.

शेवटी साहेब आले. म्हातारे, शेरवानीतले, सोबत तपासायचं यंत्र. तारांच्या एका जोडापाशी इतका वेळ थांबले की ह्यांच्या कपाळावर घाम. मी चिमीला कडेवर घेऊन दाराआड उभी.

"खोलो," साहेब म्हणाले.

ह्यांनी जोड उघडला. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं, परत बंद करायला लावला.

"ठीक है. पास."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण आता दुसरीच भीती आली. कंदील दिसतो तरी, वीज तर दिसत पण नाही. राहवलं नाही. पदर सारखा केला आणि दाराआडूनच विचारलं, "साहेब, तुमच्या बी घरात लेकरं असतील. विजेचं भ्या नाय वाटत?"

साहेब यंत्र पेटीत ठेवत होते. सावकाश कडी लावली.

"हमारे घर में अभी कंदील है, बेटी. हमारे ऊपर कौन है, जो पास करे?"