कापसाचं बिऱ्हाड

अमरावतीत तेव्हा दिवाळी जवळ आली की भाडेकरूंची बांधाबांध सुरू व्हायची. वेचणीचा कापूस गाड्या भरभरून शहरात यायचा आणि सरकी काढायच्या जिनात जागा पुरली नाही की घरमालक माणसं बाहेर काढून खोल्यांत कापूस भरायचे. कापूस भाडं चांगलं द्यायचा आणि विहिरीवर भांडायचा नाही.

आमचे घरमालक कापसाचे अडते. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मास्तर, कार्तिक लागला की खोली खाली करा. मले कापूस भरा लागते."

मला सातवा महिना चालू होता. मी पदर खोचून विचारलं, "मग आम्ही जायचं कुठे?"

"बाई, हे तं मले बी समजून नाई राहिलं," ते म्हणाले आणि मनापासून हळहळले. मला त्या हळहळीचाच जास्त राग आला.

आमचे हे शाळामास्तर. दुसरा कोणी असता तर खोली शोधत फिरला असता. ह्यांनी सभा ठरवली. विषय, शहरातील स्वस्त घरांची निकड व त्याविषयी जनजागृती. अध्यक्ष वजनदार हवा म्हणून बोलावलं कुणाला, तर आमच्या घरमालकांना! वर त्यांचं भाषणही ह्यांनीच लिहून दिलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, जो आपल्याला काढतोय त्याच्याच गळ्यात हार घालणार?"

"हाराच्या वजनानं माणूस जरा वाकतो," हे म्हणाले.

दवंडीवाल्याला ह्यांनी विषय शब्दशः पाठ करायला सांगितला. तो म्हणाला, "गुरुजी, एवढं बोलीन तं लोक घरात निंघून जातीन." मग त्यानं आपल्या अकलेनं तो आटोपशीर केला आणि गल्लोगल्ली डफ बडवत ओरडला, "सस्ती घरं! इतवारी मैदानावर! ज्याले पायजे त्यानं यावं!"

इतवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक संसार घेऊनच आले होते. खाटा, दळायची जाती, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. नागपूरच्या सरकारनं घरं धाडली, अशी बातमी तोपर्यंत बार्शीटाकळीपर्यंत गेली होती म्हणे. एक रंगारी चाचा रंगाची कढई डोक्यावर घेऊन ह्यांच्यापुढे उभे राहिले. "मास्तरसाब, चाबी किधर है?"

ह्यांनी घाम पुसला आणि सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, आपण येथे जागृतीसाठी जमलो आहोत."

"मंजे काय करा लागते?" खाटेवर बसलेल्या एका फूलवालीनं विचारलं.

"म्हणजे आपण सर्वांनी जागं व्हायचं."

"अवो मास्तर, आमी तं जागेच आहो! निजाले जागा नाई म्हनून जागे आहो!"

मैदान खदखदून हसलं. मीही पोट धरून हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. कार्तिक आठ दिवसांवर आला होता.

गडबड वाढली तसे अध्यक्ष घाईघाईनं उठले आणि भाषण वाचू लागले. आधी डोळ्यांखालून घालायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. "कापसासाठी माणसाला घराबाहेर काढणारा मालक, मग तो कितीही प्रतिष्ठित असो..." इथे ते थांबले. ह्यांच्याकडे बघितलं. पण लोकांनी एवढ्या टाळ्या पिटल्या की त्यांना पुढचंही वाचावं लागलं, "...या नगराला लाज आणतो."

घरं कुणालाच मिळाली नाहीत. खाटा जशा आल्या तशा परत गेल्या.

कार्तिक लागला. मालक दारात आले, बराच वेळ खोलीकडे बघत राहिले. "चार लोकांत बोलून बसलो. तुमाले काढत नाई," म्हणाले, आणि अर्ध्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला. चूल अंगणात गेली. उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघं, ट्रंक आणि ह्यांची पुस्तकं. मालक रोज सकाळी येऊन दारातून डोकावायचे.

पौषात, त्या ढिगाला पाठ लावूनच, मी मोकळी झाले. सुईण हात धूत होती तेवढ्यात मालकांचा आवाज आला, "समदं ठीक हाये ना, बाई?"

मला भरून आलं. म्हटलं, माणूस वाईट नाही. आतूनच सांगितलं, "हो, ठीक आहे. मुलगी झाली."

बाहेर त्यांनी घसा खाकरला. मग ते म्हणाले, "बरं झालं, बाई. पन मी कापसाचं इचारून राहिलो."