नुसता सूर दे, गाणं नको

सरांनी माझ्यासमोर तारा कापल्या.

मी नुकतीच गिटार खाली ठेवली होती. त्यांची गिटार, स्टुडिओतली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पक्कड काढली आणि एकेक तार तोडली. ताणलेली तार तुटते तेव्हा ओरडते. सगळ्या ओरडल्या. तुकडे गोळा करून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग ओल्या कागदाने गिटार पुसली. जिथे जिथे माझी बोटं फिरली होती, तिथे तिथे.

"घाम असतो ना तुझ्या हाताला," ते म्हणाले. "तारा गंजतात. मनावर घेऊ नकोस हं."

मी म्हणाले, "सॉरी सर."

रोहन शेजारीच बसला होता. तोही सरांकडे गिटार वाजवतो, माझ्याच वयाचा. आदल्या दिवशी त्याने हीच गिटार वाजवली होती. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवतात, आवाज येतो म्हणून. घाम सगळ्यांनाच येतो. त्याच्या तारा कोणी कापल्या नव्हत्या. त्याच तारांवर तर मी वाजवलं.

हे मला तिथेच कळलं. तरी मी सॉरी म्हणाले. मेट्रोत घरी येताना हात ओढणीखाली धरून बसले होते.

माझी चौथी वर्ध्याला झाली. मग बाबांना दिल्लीत सरकारी ऑफिसात शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. आई आजारी पडली, धाकटी भावंडं माझ्याकडे आली. शाळा सुटली ती सुटलीच. बाबा बेंजो वाजवायचे. चौदा एप्रिलला, बुद्धजयंतीला आमची गाण्याची पार्टी असायची. एका साहेबाने घर बदलताना टाकून दिलेली गिटार बाबांनी आणली. मला गिटार कशी वाजवतात ते माहीत नव्हतं. मी ती बेंजोसारखी वाजवली. एकाच सुरावर हात थरथरवत न्यायचा, मग पुढच्या सुरावर घसरायचं. बाबा म्हणाले, "असंच वाजव. कोणाचं बघू नको."

बाबा गेले, क्वार्टर सुटलं. आई, भावंडं आणि मी भाड्याच्या खोलीत आलो. ती खोली मिळायलाही किती दारं फिरलो. सगळं ठरायचं, आणि आडनाव सांगितलं की घरमालकाचा भाऊच राहायला यायचा. बाजारात फॉल-पिकोचं काम धरलं. कार्यक्रमात वाजवायचे ते मात्र सोडलं नाही. मागे बसायचे, ढोलकीवाल्यांच्या आड. कोणी फोटो काढायला लागलं की मान खाली.

असाच एक व्हिडिओ सरांनी पाहिला. पुण्याचे ते, आता गुरुग्रामला उंच सोसायटीत त्यांचा स्टुडिओ. जाहिराती करतात, मालिका करतात. फोनवर मराठीत बोलले. मला किती बरं वाटलं. मी त्यांना चाली दिल्या. तिथेच बसून बांधलेल्या, माझ्या. त्या टीव्हीवर लागल्या. संगीत म्हणून त्यांचं नाव यायचं. मी धरून चालले की असंच असतं. आधी काम, मग नाव.

तारा कापल्या त्यानंतरही मी गेले. हे लिहायला जड जातंय, पण गेले. वाजवायला दुसरी जागा नव्हती.

मग एक नवीन काम निघालं. सर म्हणाले, "आता नुसता सूर दे, गाणं नको."

खोलीला खिडकी नाही. भिंतींना काळा फोम. बोललं तर शब्द तोंडापुढेच मरतो. तिथे मला एकटीला बसवायचे. काचेपलीकडून सर बोट दाखवायचे. एक सूर. थांब. तोच सूर हळू. थांब. तोच जोरात. सूर संपून पूर्ण शांत होईपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग पुढची जागा. रोज तेच. दोन सूर जोडले की काचेवर टकटक.

"सर, हे कशाला?"

"लायब्ररी बनतेय. तुला नाही कळणार यार, टेक्निकल आहे."

मला कळत नव्हतं, पण भीती वाटत होती. घरी आले की गिटार हातात घ्यावीशी वाटेना. आईने विचारलं, "अगं, आठवडा झाला, वाजवलं नाहीस. बरं नाही का?" मी म्हटलं, बरी आहे. तिला काय सांगणार? कोणी तरी माझ्या घरातलं एकेक भांडं उचलून नेतंय आणि मीच ते धुऊन हातात देतेय, असं वाटत होतं.

एके सकाळी लिफ्टमधून बाहेर आले आणि गिटार ऐकली. माझी. दार उघडं होतं. वाटलं, जुनं काहीतरी लावलंय. पण ही चाल मी कधी वाजवली नव्हती. हात माझा, वळणं माझी, आणि मी तर दारात उभी.

आत रोहन कीबोर्डसमोर बसला होता; एकेका पट्टीत माझा एकेक सूर भरलेला. एका बोटाने मला वाजवत होता.

समोर पडद्यावर जाहिरात चालू होती. नवीन फ्लॅटची. हिरवळ, पोहण्याचा तलाव, गोरी पोरं. आणि एक बाई गोड आवाजात हिंदीत सांगत होती, राहा आपल्यासारख्या लोकांमध्ये. तिच्या मागे मी वाजत होते.

"ओळखलंस?" सर हसले. "तूच आहेस. चलो, आता तुला इतक्या लांब यायचा त्रास नाही."

त्यांनी काचेपलीकडच्या खुर्चीकडे बोट केलं.

"एकच राहिलंय. ती तुमच्या जलशातली थरथर. कंप्युटरला जमत नाहीये, मेलेली वाटते. आज तेवढी दे. संपलं."

मी त्या बाईकडे बघत होते. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, आणि माझी गिटार पुन्हा पुन्हा तिला साथ देत होती. मला विचारलं असतं तर मी वाजवलं नसतं. म्हणून तर यांना मला विचारायचं नव्हतं. यांना वाजवणारी नको होती. जी नाही म्हणू शकत नाही अशी मी हवी होती.

"नाही देणार," मी म्हणाले.

"काय?"

"थरथर. नाही देणार. आणि जे घेतलंय ते पुसा."

"अगं, ते आता माझं आहे," सर शांतपणे म्हणाले. "आणि नखरे कसले? तुमच्यात वाजवणारे काय कमी आहेत? दुसरी आणतो."

"आणा. मी तिला आधी भेटते."

रोहनने बोट उचललं. गिटार थांबली.

"या शहरात परत कोणी बोलावणार नाही तुला," सर म्हणाले. "बिल्कुल कोणी नाही."

ते खरं झालंय. कोणी बोलावत नाही. ती जाहिरात मात्र लागते. काल शेजारच्या खोलीतून आवाज आला आणि आईचा चेहरा फुलला. "तूच ना गं ही?"

"नाही आई. मी नाही."

आणखी कुठे कुठे मला वाजवतील, मला माहीत नाही. उद्या आमच्याच लोकांना शिव्या देणाऱ्या गाण्यामागे वाजवतील. थांबवायचं कसं तेही अजून कळलेलं नाही. परवा सरांचा मेसेज आला. एकदा ये, या वेळी नाव देतो. म्हणजे थरथर अजून मेलेलीच आहे. मी लिहिलं, येणार नाही.

या रविवारी विहारात कार्यक्रम आहे. मी पुढे बसायची आहे, तसं सांगून ठेवलंय. गिटार मांडीवर ठेवून आधी मी बोलणार. काय घेतलं, कसं घेतलं, कोणी घेतलं. वाजवणाऱ्या सगळ्या पोरी समोर असतील.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते मी माइकवर घेणार आहे.