मामाचा कान

आमच्या मामाला गाडी चालवता येत नव्हती. तो गाडी ऐकायचा. उभा जन्म टपाल कचेरीत शिक्के मारण्यात गेला आणि निवृत्त होताच हा गल्लीतल्या जुन्या गाड्यांचा डॉक्टर झाला. नेमणूक अर्थातच स्वतःची स्वतःच. सकाळी कुणी किल्ली फिरवली आणि गाडी कुरकुरली, की हा बनियनवरच लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. मग निकाल: बेअरिंग गेलं. एकदा शेजाऱ्यांचं खरंच गेलं होतं. बोलाफुलाला गाठ पडली, आणि त्या एका बेअरिंगवर मामा अजून मिशीला पीळ देत होता.

समोरच मिस्त्रीचं गॅरेज. मिस्त्रीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण निदान हातात पाना तरी धरायचा. मामाने त्याला चारचौघांत अडाणी म्हटलेलं, तेव्हा घरची गाडी त्याच्या दारात न्यायची नाही, असा फतवा होता.

अलीकडे मामीने किल्ली फिरवली की गाडी मिनिटभर नुसती किंचाळायची, आणि मग गप्प व्हायची. मामीचं म्हणणं, इंजिनाचा पट्टा ढिला झालाय, भर रस्त्यात तुटेल. मामा म्हणायचा, आवाजच नाही, बायकांना कसलेही भास होतात. पण दुसऱ्या दिवशी लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला दवाखान्यातून आणायचं होतं, म्हणून या वेळी मामी हट्टाला पेटली. मामानेही मग शेजारीपाजारी गोळा केले. म्हणाला, होऊन जाऊ दे एकदा सोक्षमोक्ष. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामीने किल्ली फिरवली. गाडी अशी किंचाळली की पायरीवरचं कुत्रं शेपूट घालून पळालं. मामा मात्र बॉनेटखाली वाकलेला, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखा.

"धडधड अगदी सरळ आहे," तो म्हणाला. "बाकी काही नाही. कुणाला ऐकू येत असेल तर सांगा."

त्याने डोळे उघडले. समोर आम्ही सगळे कानांत बोटं घालून उभे होतो. मामीसुद्धा.

त्याने एकेकाकडे पाहिलं. तेवढ्यात पट्टा गरम होऊन किंचाळणं थांबलं आणि आमचे हात खाली आले. मामाने स्क्रूड्रायव्हर बंपरवर ठेवला आणि सावकाश स्वतःच्या कानांत बोटं घातली.

"हो," तो म्हणाला. "फारच आवाज आहे."

इतकी वर्षं मनातल्या मनात ज्याला हसत आले, त्याला हसायची हीच वेळ होती. मला रडू आलं.

मामी खाली उतरली, स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्या खिशात खोचला, बॉनेट लावलं आणि गाडी थेट मिस्त्रीच्या दारात नेली. मामाने अडवलं नाही. तो तिथेच उभा होता, आमच्या तोंडांकडे बघत. कानांतली बोटं कधी काढायची, ते त्याला कळत नव्हतं.