रामटेकेचा गोल

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जाते. न छापलेली मात्र घरात साचत जाते. माझ्याकडे अशा बातम्यांचा एवढा ढीग झाला होता की बायको विचारायची, "याचं लोणचं घालू काय?"

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी नागपूरच्या एका दैनिकाचा तिथला क्रीडा वार्ताहर होतो. खेळातली लबाडी शोधून काढायची, हा मी स्वतःहून लावून घेतलेला नाद. लबाडी रोज सापडायची. तेच तर दुखणं होतं!

*

दुर्गजवळच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत एक नामी पहिलवान समोरच्याचा हात लागायच्या आधीच चीत झाला.

मी त्याला गाठलं. "पहिलवान, एवढी घाई?"

अंगावरची माती झटकत तो म्हणाला, "गाडी पकडायची होती, साहेब!"

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. छापून आलं, ‘अटीतटीची झुंज’!

*

ठेकेदारांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा भरायची. नियम एकच, खेळाडू त्या ठेकेदाराचा कामगार हवा. मग ठेकेदार बाहेरून तयार खेळाडू आणायचे आणि आपल्या मजुरांच्या नावांनी उतरवायचे. कागदावर सगळे लोखंड उचलणारे, पायात मात्र महागडे बूट!

एका संघात देवाजी रामटेके नावाचा फॉरवर्ड झकास खेळायचा. सामना संपल्यावर मी त्याच्या समोर जाऊन म्हणालो, "शाब्बास, रामटेके!"

त्यानं मागे वळून पाहिलं, शाबासकी कोणाला मिळतेय ते!

*

खरा देवाजी खुर्सीपार वस्तीतल्या झोपडीत सापडला. भंडाऱ्याकडचा माणूस. उंच परांचीवर चढून गर्डर जोडणाऱ्या टोळीत होता. जन्मात बॉलला पाय लावला नव्हता.

"अरे, तुझं नाव वापरतात. राग नाही येत?"

"वापरल्यानं नाव झिजते काय, भाऊ?"

त्याच्या बायकोनं, सखूनं, रामटेकेच्या गोलाची एक बातमी भिंतीला चिकटवली होती. ती पाहून गावाहून आलेला सासरा वस्तीभर सांगत सुटला, "आमचा जवई बॉल खेळते!" देवाजीनं त्याला खरं सांगितलं नाही.

"बुढा पयल्यांदा माह्यावर खुश झाला," तो मला म्हणाला. "आता कायले बिघडवू?"

*

हे सगळं मी लिहिलं. संपादकांनी नागपूरला बोलावून चहा पाजला.

"ठेकेदाराची जाहिरात पानभर असते. तुमची बातमी केवढी?"

"अर्धा कॉलम."

"मग तुम्हीच ठरवा!"

परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा वाटलं की आपण हा धंदा सोडावा. सोडला नाही. दुसरं येत काय होतं?

*

फायनलच्या दुपारी मैदानात नुसता गजर, "रामटेके! रामटेके!" पाहुण्या रामटेकेनं अगदी शेवटी गोल मारला.

त्याच दुपारी कारखान्यात गर्डर घसरून खऱ्या रामटेकेच्या पायावर पडला. उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मला याचा पत्ता नव्हता. मी फोनवरून बातमी दिली होती, ‘रामटेकेच्या नावाखाली खेळणाऱ्या पाहुण्याने गोल मारला.’ नागपुरात म्हणे जागा कमी पडली. ‘रामटेकेने गोल मारला’ एवढंच छापलं.

*

चौकशी लागली. ठेकेदाराच्या मुनशीनं तेच कात्रण चौकशी करणाऱ्या साहेबापुढे ठेवलं. "आदमी तो मैदान में था! पैर खेल में टूटा है." म्हणजे कामावर अपघात झालाच नाही. जबाबदारी कोणाचीच नाही!

टोळीतल्या माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांना उद्याही त्याच मुनशीकडे कामाला जायचं होतं. कोणी तोंड उघडेना.

मी साहेबाला म्हणालो, "तो खेळत नव्हता. मी स्वतः मैदानात होतो."

साहेबानं कात्रणावर बोट ठेवलं. "तो आप झूठे हैं, या आपका अखबार?"

"अखबार."

"अच्छा! फिर अखबार से लिखवा लाइए!"

संपादक ते लिहून देणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. बाहेर येऊन मी झाडाखाली बसलो आणि रडलो. येणारे-जाणारे बघत होते, तरी रडलो.

*

साहेब दुसऱ्या दिवशी देवाजीचा जबाब घ्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. सखू खाटेजवळ खाली बसली होती.

"मुनशी आला होता," देवाजी म्हणाला. "म्हन्ला, बॉल खेळतानी पाय मोडला म्हून सांग, मंग तुले गेटावर बसवतो. नाही तं आजच नाव कापतो."

"तू काय म्हणालास?"

उत्तर सखूनं दिलं. "दोन लेकरं हायेत, भाऊ. मीच म्हन्लं, हो म्हना."

सखू तांब्या घेऊन पाणी आणायला गेली. देवाजीनं माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"साहेब उद्या इचारतीन, भाऊ. तुमी तं मैदानात होते. सांगा नं, तो गोल म्या कोणत्या पायानं मारला?"