छत्तीसच्या जागी तीस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला शेवटच्या आजारपणात सांगावंसं वाटलं होतं—तेव्हाही पाणी पाजलं आणि पेला घेऊन उठले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ रेटते आहे. बघू, शेवटपर्यंत पोचते का.

गोष्ट फरशीची आहे. हसू नका.

पालमच्या घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली. सुमन धाकटी, शाळेत बाई. तिकडं विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा धुमसत होता आणि मी—मी सुमनच्या टाचांकडं बघत होते. तिच्या टाचेला एक भेग नव्हती. माझी बोटं शेणानं सारवून सारवून चिरलेली. तिची खोलीही मीच सारवायची, कारण तिला शाळा. ती वाईट होती का? नाही हो. माहेराहून येताना माझ्यासाठी न चुकता बांगड्या आणायची. त्याचाही मला राग यायचा. जळणाऱ्याला कारण लागतं का?

ती बाळंतपणाला परभणीला माहेरी गेली. इकडं भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरानं, ठरवलं की ती बाळाला घेऊन परत यायच्या आत तिच्या खोलीत शहाबादी फरशी बसवायची. तिच्याच खोलीत. "पोरगं रांगायला लागंल आता, वैनी," म्हणाले. माझ्या तीन पोरी शेणामातीतच रांगल्या होत्या—तेव्हा कुणाला फरशी आठवली नव्हती. मी "बरं हाय की" म्हणाले आणि भाकरी थापायला बसले.

दादाराव मिस्त्री मापाला आला. भीमनगरातला, हातात कसब असलेला माणूस. त्याचा चहाचा कप आमच्याकडं वेगळा, वळचणीला खोचलेला असायचा, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं—हेही आत्ताच सांगून टाकते. मी दहावीपर्यंत शिकलेली, आकडेमोडीत पक्की, म्हणून माप लिहून घ्यायला मी बसले. खोली दहा बाय बारा, फरशी दोन बाय दोनची. सरळ हिशेबानं तीस लागतात. पण त्यानं सुतळी ताणून दाखवलं—एका टोकाला दहा फूट, दुसऱ्या टोकाला साडेदहा. मातीच्या भिंतीला पोट आलेलं होतं.

"भिंत सरळ न्हाई, वैनी. उंबऱ्यापाशी कापावं लागतंय, कापताना दोन-तीन फुटतेतच. छत्तीस लिवा. उरल्या तर न्हाणीत लावू, पर कमी पडल्या तर ह्याच रंगाची पुन्हा घावत न्हाई."

मी तीस लिहिलं.

चूक झाली असं म्हणू? नाही झाली. मला नीट आठवतंय, आधी तीन काढला, मग त्याच्यापुढं शून्य—सावकाश, गोल. मला एवढंच हवं होतं की तिच्या खोलीचा एक कोपरा उघडा राहावा. एकच कोपरा. तो तिनं सारवावा, शाळेतून आल्यावर, बसून.

चिठ्ठी घेऊन भाऊजी परभणीला गेले आणि तीस फरश्या टेम्पोत घालून आले. दादारावानं थप्पी बघितली. "कमी दिसायल्यात, वैनी," म्हणाला. मी म्हणाले, बाकीच्या मागून येणार आहेत. भाऊजी तेव्हा शेतात होते. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला आणि काम सुरू केलं.

शेवटी दाराजवळचा कोपरा राहिला. भाऊजींनी उंबऱ्यावर खडूनं हिशेब मांडला—एकशेवीस फूट, चार फुटाला एक, तीस पुरायलाच पाहिजेत. मग बाकीच्या गेल्या कुठं? फुटलेल्यांचे तुकडे भरावात गेलेले, दाखवायला हातात काही नाही. दादाराव म्हणाला, "म्या छत्तीस सांगितल्या व्हत्या. बाकीच्या मागून येनार म्हनल्या, वैनीला इचारा."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणाले, "मला तीसच सांगितल्या."

बोलताना मला ठाऊक होतं की खरं कुणाचं धरलं जाईल. त्या दिवसांत भीमनगरच्या माणसावर आळ घ्यायला पुरावा लागत नव्हता. हे मी विसरले नव्हते, त्याच्यावरच विसंबून बोलले. दादारावानं थापी, ओळंबा पिशवीत टाकला आणि गेला.

भाऊजी गावातल्या दोघांना घेऊन त्याच्या घरी गेले. त्याच्या दारात रांजणापाशी एक फरशी होती, त्याची बायको तिच्यावर धुणं धुवायची. ती उखडून आणली. म्हणे आमचीच. कडा झिजून गोल झालेल्या, मधे खळगा, वर साबणाचा पांढरट थर. आठ दिवसांत फरशी अशी होते का? भाऊजींना डोळे नव्हते का? मला तर होते. दुसरा गवंडी लावून ती त्या कोपऱ्यात बसवली, उरलेल्या फटी सिमेंटनं बुजवल्या. दादारावाला गावात पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. बायकापोरांना घेऊन तो पूर्णेकडं गेला म्हणतात. कुठं, ते मी कधी विचारलं नाही.

सुमन आली. बाळ खांद्याशी धरून दारातच थांबली. एवढ्या नव्या फरशीत तो काळपट, खोलगट दगड—तिचं तोंड एवढंसं झालं. "ही अशी का बसवली?" भाऊजी दादारावाच्या चोरीची कहाणी सांगायला लागले. मी शेजारीच उभी होते. त्या वेळीही सांगता आलं असतं. पण मी तिच्या उतरलेल्या तोंडाकडं बघत होते, आणि मला आनंद झाला. दादारावाचं नाव कानावर पडत असतानाच झाला. त्या दुपारी मी पोटभर जेवले.