सरावातली अडकलेली बाई

"मले घ्याले कोणी येईन, तवाच उतरन," धुरपताबाई म्हणाली होती.

"बस, तेवढंच काम, मावशी. आजची हिरोईन तूच," भुपेंद्र हसला होता.

भुपेंद्र सोसायटीचा सचिव. नवरा गेल्यावर धुरपताबाई दरेकशाहून गोंदियाला आली, तेव्हा त्यानंच तिला या सातमजली इमारतीच्या गच्चीवर, टाकीला लागून असलेली खोली दिली. तिनं जिने झाडायचे, पंप लावायचा. उन्हाळ्यात मीटरच्या खोलीत आग लागली आणि धुरात सगळे खाली सुटले, तेव्हा ती दार न् दार बडवत उतरली. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सावित्रीबाई तिच्या पाठीवर होत्या. भुपेंद्रनं सर्वांदेखत तिचे हात धरले होते. "पुढच्या वेळी पहिले तुला आणू, मावशी."

आज अग्निशमन दलाचा सराव होता. वर अडकलेली बाई म्हणून धुरपताबाईनं बसायचं होतं. जिना मोकळा हवा, असं दलाच्या साहेबांनी बजावलेलं. पण जिन्यात घराघराचा वर्षाचा तांदूळ रचलेला. नवं धान निघालं की इथं वर्षाचा तांदूळ भरतात, फ्लॅटात तो मावत नाही. म्हणून हमालांनी सकाळपासून तांदळाच्या पोत्यांचे ते कट्टे वर चढवले. कुठं ठेवले, हे तिनं पाहिलं नाही. ती खोली सारवण्यात गुंतली होती. चांगलं लुगडं नेसली. उचलणाऱ्याला जड वाटू नये म्हणून जेवलीही अर्धपोटी.

भोंगा वाजला. सांगितल्याप्रमाणे तिनं नाकाला ओलं फडकं बांधलं. जिन्यात पावलांचा गडगडाट झाला, मग तो खाली खाली जात विरला. येतीन, तिनं मनाशी म्हटलं. भुपेंद्रभाऊच येईन बहुतेक.

खालून आवाज आला, तशी ती कठड्यापाशी गेली. अंगणात फ्लॅटचे नंबर पुकारून मोजणी चालली होती.

"सातशे दोन?"

"हाजिर!"

नंबर संपले. टाळ्या वाजल्या. तिच्या खोलीला नंबरच नव्हता.

गच्चीवरचं जिन्याचं दार तिनं ढकललं, ते अर्धंच उघडलं. पलीकडे छातीपर्यंत कट्टे रचलेले. प्रत्येकावर शाईनं फ्लॅटचा नंबर. ती पोटावर सरपटत त्यांच्यावरून पलीकडे गेली, लुगडं फाटलं, आणि भिंत धरत सातही मजले उतरली.

खाली समोसे वाटले जात होते. "मावशी, आग विझली, फडकं काढ आता!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. "ही कोण? वर कोणी राहतं का? मग गच्चीचा रस्ता बघावा लागेल."

"नहीं साहब," भुपेंद्र घाईनं म्हणाला. "झाडूवाली आहे. काम करून घरी जाते. वर कोणी नाही राहत."

धुरपताबाईनं सावित्रीबाईंकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी त्या तिच्याच खोलीपुढं हवा खायला बसायच्या. सावित्रीबाईंनी मान खाली घातली आणि बशीतल्या चहावर फुंकर मारली.

"घे, समोसा घे, मावशी," भुपेंद्र म्हणाला. त्याची नजर साहेबांवरच होती.

तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. सकाळी स्वतःच पुसलेल्या फरशीवर ते पिळलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. आणि फाटलेल्या लुगड्यानिशी फाटकाबाहेर निघून गेली.