तिच्या गोळ्या

हर्नियाच्या ऑपरेशनआधी लातूरला नवऱ्याचं रक्त तपासलं, तेव्हा त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. माझं रक्त साफ निघालं, पण मी गरोदर होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचं औषध आत्ता सुरू झालंय. ते लागू पडेपर्यंत तुम्हाला धोका आहे. तुम्हाला लागण झाली तर बाळालाही होऊ शकते. ती होऊ नये म्हणून तुम्ही रोज एक गोळी घ्यायची. चुकवायची नाही."

देवणीला आमचं किराणा दुकान. त्याच्या गोळ्या तो दुकानात गल्ल्यामागं ठेवायचा. माझ्या असायच्या घरात, शेवयांच्या डब्यात. उलट्यांनी जीव नको व्हायचा, तरी मी गोळी सोडली नाही.

सहाव्या महिन्यात तो डबा सासूच्या हाती लागला. त्यांनी नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. "ह्या कुणाच्या?"

माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तिच्या हायेत."

खोटं नव्हतं ते. पुढचं तो बोलेल म्हणून मी थांबले. तो चपला घालून दुकानात निघून गेला.

गोळ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. माझी ताट-वाटी वेगळी झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीनं लातूरला जाऊन नव्या गोळ्या आणल्या आणि सासूसमोरच घ्यायला लागले. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "आत्याबाई, आजारी मी न्हाई, तुमचा लेक हाय. मी पोटातल्या लेकरासाठी गोळ्या घेते."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "ठाऊक हाय. त्यानं सांगितलंय मला. पर त्याचं नाव निघालं तर दुकानात कोण येईल? तुझ्या नणंदेला कोण करून घेईल? तू काय, बाहेरची."

मुलगी झाली. अंगावर पाजत होते तोवर मी गोळी घेतली. माझं रक्त शेवटपर्यंत साफ राहिलं. नवऱ्याला सांगितलं, तर "बरं झालं" म्हणून तो गिऱ्हाईकाला साखर जोखायला लागला.

नणंदेच्या लग्नात मला स्वयंपाकाकडं फिरकू दिलं नाही. पंगतीत एक बाई शेजारणीला म्हणाली, "पोरगा देवमाणूस हाय. असली बायको, तरी टाकली न्हाई." नवरा समोरच उभा होता. त्यानं तिच्या पानात बुंदी वाढली.

मी लेकीला उचललं आणि मांडवातूनच बिलोलीला, माहेरी आले. न्यायला कुणी आलं नाही. मी निघून आले, त्यामुळं रोग मलाच आहे, अशी गावाची खात्रीच पटली म्हणे.